बेचाळीस नावं, सात खेपा

“मेला, मेला. ह्यो पन मेला. दादूस, तू आनतोस ते सगले मेलेलेच कसं रं?”

चांगुणाबाई ओरडत होत्या, आणि मी पनवेलहून आणलेल्या तीन कीबोर्डांतला शेवटचा त्यांच्यापुढे टेबलावर पालथा पडला होता. तीस वर्षं मासळीबाजारात कमावलेला आवाज तो. त्यांनी एकदा ‘ताजा पापलेट’ म्हटलं की खाडीपलीकडच्या गावातली मांजरं उठून बसतात, असं सांगतात. मी पाहिलेलं नाही, पण नाकारायची माझी छाती नाही.

“हे बग,” त्या म्हणाल्या. “मी बोटं दाबते, आन काय उमटत नाय. एक टिंब पन नाय.”

“सुर्वे, पोर्टमध्ये फॉल्ट असू शकतो,” मागून देवधर काका म्हणाले. “तुम्ही पोर्ट चेक केलंत का?”

मी पोर्ट तपासलं. वायर हलवली. वायरीच्या टोकात फुंकर मारली. फुंकर हा आमच्या धंद्यातला सर्वांत जुना इलाज. निम्मी गिऱ्हाइकं फुंकरीने बरी होतात, उरलेली निम्मी फुंकर पाहून बरी होतात. इथे फुंकर हरली. शेवटी चांगुणाबाईंनी पुन्हा एकदा तीच अक्षरं रागारागाने दाबली आणि कोलीम, म्हणजे बारीक जवळा, सुकवायला पसरतात तसा पंजा एंटरवर आपटला. पडदा सरकला. कीबोर्ड जिवंत होता. आधीचे दोनही जिवंत होते.

जे या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्स नावाच्या सिस्टमवर नवीन काही बसवायचं म्हटलं की मशीन आधी विचारतं, तुम्ही या घरचे कर्ते का? असाल तर पासवर्ड टाका. तो टाकताना पडद्यावर काहीही दिसत नाही. इतरत्र निदान टिंबं दिसतात, चांदण्या दिसतात. इथे शून्य. शेजारी उभ्या असलेल्याला तुमचा शब्द किती अक्षरी आहे तेसुद्धा कळता कामा नये, इतकं सोवळं. तेव्हा मेलं काहीच नव्हतं, फक्त माझं ज्ञान जरा अंथरुणाला खिळलेलं होतं.

मी हे समजावून सांगितलं. चांगुणाबाईंनी मान डोलावली.

“म्हंजे बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात तसं. मंग आदी सांगायचं ना. मी कवाधरनं शिव्या घालते त्याला.”

“मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल,” मी म्हणालो. गेली बावीस वर्षं सुर्वे कॉम्प्युटर्स या एका वाक्यावर उभं आहे.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमतींना तोटा नाही. दर अमावस्येला सीपीयूपुढे नारळ फोडणारे एक गृहस्थ माझे गिऱ्हाईक होते आणि त्यांचं मशीन चौदा वर्षं बिघडलं नाही, त्यामुळे मी त्यांच्यावर नाराजच असे. कामोठ्याच्या एक बाई उन्हातून आणताना माउसला त्रास होऊ नये म्हणून तो ओल्या फडक्यात गुंडाळून आणत. पण बावीस वर्षांतून एकच दिवस निवडा म्हटलं, तर मी तो शनिवार निवडीन. त्या दिवसाचा मला अभिमान आहे. आणि दुसरंही काहीतरी आहे, ते पुढे येईल.

तो काळ दोन हजार आठ-नऊच्या आगेमागे. खोली कोळीवाड्यातली, पनवेलपासून माझ्या स्कूटरने बारा मिनिटांवर. महिला मच्छीविक्रेत्यांच्या संस्थेची ती खोली आणि चांगुणाबाई संस्थेच्या अध्यक्ष. एका भिंतीपलीकडे बर्फाचं कोठार, त्यामुळे पनवेल परिसरातला हा एकमेव कॉम्प्युटर असा होता की जो गरम झाला म्हणून कधी बंद पडला नाही. मात्र तो उघडला की आतून सुकटीचा वास यायचा.

हा कॉम्प्युटर आणि त्याच्याबरोबरचा प्रिंटर देवधर काकांनी दिलेला. काका मुंबईच्या एका कचेरीतून निवृत्त होऊन कामोठ्याला राहायला आले होते. गेली बारा वर्षं चांगुणाबाईंकडून मासळी घेत, आणि बारा वर्षांत त्यांनी बाईंना एकदाही भाव जिंकू दिला नव्हता, असं काका सांगत. बाई याच्या बरोबर उलट सांगत. देताना काकांनी त्यात लिनक्स घातलं, कारण ते फुकट असतं आणि त्याची सीडी एका मासिकाबरोबर मिळाली होती. फुकट मिळालेली वस्तू दुसऱ्याच्या घरी वापरून बघावी, हा मध्यमवर्गाचा जुना नियम.

“सुर्वे, तुम्हाला लिनक्स येतं ना?” काकांनी मला विचारलं होतं.

“दहा वर्षं झाली,” मी म्हणालो. खरं तर नऊ दिवस झाले होते. तेच मासिक विकत घेऊन मी त्यातली सीडी माझ्या दुकानात बसवून पाहिली होती. नऊ दिवसांत मला ती चालू करता येत होती आणि बंद करता येत होती, आणि बंद करण्यावर माझं प्रभुत्व जास्त होतं.

त्या शनिवारी दुपारी चारपर्यंत काय व्हायचं होतं ते सांगतो. पनवेलात मासळीची नवी मंडई तयार होत होती. ओटे ठरायचे होते. ओटा म्हणजे मासळी मांडायची सिमेंटची बैठक, वर छप्पर, खाली पाणी जायला नाली. ज्या बाईचं नाव संस्थेच्या यादीत असेल तिला ओटा, नसेल तिला रस्ता. यादी मराठीत टाइप केलेली, दोन प्रती, अध्यक्षांच्या सहीची, शनिवारी चारच्या आत मंडईच्या कचेरीत. त्यानंतर आणली तर खिडकी बंद. नावं बेचाळीस.

मराठी अक्षरं त्या मशीनवर आधी नुसते रिकामे चौकोन म्हणून दिसायची. त्यासाठीची फाइल मी सोमवारीच पेनड्राइव्हवर नेऊन नुसती एका फोल्डरात टाकली होती, पासवर्डही लागला नव्हता, आणि पहिलाच प्रयत्न जमल्यामुळे मी फार माजलो होतो. शुक्रवारपर्यंत बायांनी पाळीपाळीने बसून स्वतःची नावं स्वतः टाइप केली. एकेका नावाला पाऊण तास लागला, आणि टाइप झालेलं नाव पाहायला घरची सगळी माणसं येऊन गेली. यादी तयार होती. फक्त प्रिंटर या लिनक्सला ओळखत नव्हता. समोर ठेवलाय, वायर लावलीय, दिवा पेटलाय, आणि मशीन म्हणतंय, इथे कुणी नाही. प्रिंटरची ओळख करून देणारं एक सॉफ्टवेअर लागतं. ते बसवायचं, एवढंच काम.

शहाणा वाचक म्हणेल, सुर्वे, यादी पेनड्राइव्हवर घ्या, तुमच्या दुकानात छापा आणि मोकळे व्हा. मीही तेच म्हणालो, शनिवारी सकाळी दहा वाजता.

चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “यादी या खोलीभायेर जानार नाय. दोन वरसांमागं जुन्या बाजाराची यादी पनवेलला छापायला धाडली. तिकडनं आली ती नऊ नावं गालून आली. नऊ जनी आज दोन वरसं फाटकाच्या भायेर उन्हात बसल्यात. ह्या बारीला आमच्या डोल्यांसमोर छापायची.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

कारण ती यादी छापणारा मीच होतो.

हे मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. दोन वर्षांपूर्वी संस्थेकडून कुणीतरी हाताने लिहिलेला कागद घेऊन आलं, मी टाइप केला, प्रिंट दिली. पहिलं पान आलं, तेहतीस नावांचं. तेवढ्यात प्रिंटरमधला कागद संपला. त्याच वेळी काउंटरवर एका लग्नपत्रिकेवरून दोन काकांचं भांडण जुंपलं होतं, कुणाचं नाव आधी यावं यावर. मी ते सोडवून वळलो, पान दिसलं, टाचणी मारली, पिशवीत घातलं, दिलं. दुसरं पान मशीनच्या पोटातच राहिलं. दुसऱ्या दिवशी कागद भरला तेव्हा ते आपोआप बाहेर आलं. नऊ नावं. मी धावत कचेरीत गेलो तर यादी मंजूर होऊन गेलेली. मी ते पान घेऊन घरी आलो आणि गप्प बसलो.

तेव्हापासून मी दर रविवारी बाजाराच्या फाटकाबाहेर बसणाऱ्या त्या नऊ जणींकडूनच मासळी घेत असे. आळीपाळीने, कुणावर अन्याय नको म्हणून. आमच्या घरी दोन वर्षं इतके बोंबील आणि मांदेली आली की बायकोने एकदा विचारलं, तुमचं दुकान खाडीत बुडालंय का?

तर शनिवार, सकाळचे साडेदहा. पासवर्ड कळला. आता काका पुढे सरसावले. त्यांनी इंटरनेटवरून सूचना उतरवून, चौसष्ट पानं छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणली होती. काका वाचणार, चांगुणाबाई टाइप करणार, मी शहाण्यासारखं उभं राहणार, अशी वाटणी झाली. पहिली ओळ टाकली. मशीन म्हणालं, असा हुकूम मला माहीत नाही. पुन्हा टाकली. पुन्हा तेच. पाच वेळा झालं. मी वाकून पाहिलं तर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बाईंनी डॉलरचं चिन्ह इमानदारीने टाकलेलं.

“हे कशाला टाकलंत?”

“कागदावर छापलंय,” काका म्हणाले. “छापलंय म्हणजे टाइप करायचंच ना, सुर्वे? मी तेहतीस वर्षं नोकरी केली. छापलेलं गाळलं असतं तर तिसऱ्या दिवशी घरी बसलो असतो.”

ते चिन्ह म्हणजे मशीनचं ‘बोला, ऐकतोय’. ते त्याचं बोलणं, आपलं नाही. मी सांगितलं, “काका, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री’ असतं. म्हणून आपण मांडवात श्री नावाचा नवरा शोधतो का?”

“आमच्या आळीत हाय एक श्री,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पन त्याला कोन पोरगी देत नाय.”

डॉलर काढला, हुकूम चालला. आणि मशीनने उत्तर दिलं, सामान आणायला भांडारात जावं लागेल आणि भांडाराचा रस्ता सापडत नाही.

भांडार म्हणजे काय तेही सांगतो. आपल्या सवयीच्या सिस्टमवर सॉफ्टवेअर हे फेरीवाल्याकडून घेतल्यासारखं असतं. ज्याचं त्याच्याकडून घ्या, दोनदा क्लिक करा, पुढे, पुढे, पुढे, संपलं. लिनक्सचं तसं नाही. त्याचं एक मोठं कोठार असतं दूर कुठेतरी, आणि घरात एक कोठीवाला असतो. तुम्ही त्याला वस्तूचं नाव सांगायचं. तो कोठारातून ती आणतो आणि तिच्याबरोबर जे जे लागतं तेही न सांगता आणतो. फार गुणी माणूस. पण त्याला जायला इंटरनेट लागतं, आणि कोळीवाड्यातल्या त्या खोलीत इंटरनेट नव्हतं. खोलीत लँडलाइनसुद्धा नव्हती. बातमी द्यायला चांगुणाबाई पुरायच्या.

म्हणजे कोठीवाल्याचं काम मला करावं लागणार होतं. पेनड्राइव्ह खिशात, स्कूटरला किक, आणि पनवेलात युसुफभाईंचं सायबर कॅफे. त्या गल्लीत सर्वांत वेगवान इंटरनेट त्यांचं. पान उघडायला लावून चहा प्यायला गेलं की परत येईपर्यंत अर्धं उघडलेलं असायचं, इतकं वेगवान. मी प्रिंटरची फाइल घेतली, बारा मिनिटांत परत आलो, बसवायला लावली.

मशीन म्हणालं, ही बसवायची तर आधी अमुक पाहिजे.

ही अमुक माझ्याकडे नव्हती. पुन्हा स्कूटर. अमुक आणली. मशीन म्हणालं, अमुकला तमुक लागते. या तमुकांची सगळ्यांची नावं ‘लिब’ने सुरू होतात, एका भावकीतली असल्यासारखी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे लग्नाचं आमंत्रण आहे. तुम्ही एका मामाला बोलावता. मामा म्हणतो, मी येईन, पण माझ्या मेव्हण्याला मान पाहिजे. मेव्हण्याकडे जाता तर तो म्हणतो, आमच्या थोरल्या जावईबापूंना पान-सुपारी गेली का? जावई म्हणतात, आमच्या काकांनी होकार दिला तर. आणि सगळे आपापल्या गावी ठाण मांडून बसलेले. एकेकाला स्कूटरवरून आणायचा.

तिसऱ्या खेपेला युसुफभाई म्हणाले, “सुर्वे मियाँ, हा प्रिंटर बसवताय की बारात घेऊन चाललात?”

“बारातच आहे,” मी म्हणालो. “नवरा एकच आहे, पण पाहुणे संपत नाहीत.”

चौथ्या खेपेला मी जो पाहुणा आणला तो नावाने बरोबर होता, पण दुसऱ्याच जातीच्या मशीनसाठी बनवलेला निघाला. नाव तेच, गाव दुसरं. आपट्याचा पाटील बोलवायचा आणि उरणचा पाटील येऊन जेवायला बसावा तसं. तो परत पाठवला. पाचव्या खेपेला बरोबरचा आणला. रस्त्यातल्या एका गतिरोधकावर मी इतका उडालो की खाली येईपर्यंत मला समोरची मालगाडी वरून दिसली. खोलीत आता चाळीसेक बाया जमल्या होत्या. पाट्या घरी ठेवून आलेल्या. त्यांत फाटकाबाहेरच्या नऊ जणीही होत्या, एका कडेला, भिंतीला टेकून. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. प्रिंटरकडे पाहत होत्या. एकीने त्यावरची धूळ पदराने पुसली.

सहाव्या आणि सातव्या खेपेत जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. दोनच फाइली राहिल्या होत्या. पहिली बसवायला घेतली, तर ती म्हणे, आधी दुसरी बसव. गेलो, दुसरी आणली. बसवायला घेतली, तर ती म्हणे, आधी पहिली बसव.

घड्याळात अडीच.

मी खुर्चीवर बसलो. नऊ दिवसांच्या माझ्या विद्येत याला उत्तर नव्हतं. मी पहिली पुन्हा घेतली, मग दुसरी, मग पहिली. काकांनी चष्मा काढून पुसला. शेवटी मी कपाळाचा घाम पुसला आणि चांगुणाबाईंना खरं सांगितलं. “मावशी, दोघी अडून बसल्यात. ही म्हणते ती आल्याशिवाय मी येणार नाही. ती म्हणते ही आल्याशिवाय मी येणार नाही.”

“विहीनबाया झाल्या म्हन की,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“अगदी.”

“मंग त्यात काय. माझ्या पोरीच्या लग्नात आसंच झालेलं. ही म्हने ती आदी मांडवात येऊ दे, ती म्हने ही आदी येऊ दे. मी दोगींना एकाच टेम्पोत घातलं. मांडवाच्या दारात दोगी येकदम उतारल्या. ह्यांना एका टेम्पोत घाल ना.”

मी हसलो. अनुभवी माणसाने अडाण्याला हसावं तसं हसलो. “मावशी, कॉम्प्युटरमध्ये असं नसतं.”

“एक मिनिट, सुर्वे,” देवधर काका म्हणाले. ते स्पायरलची पानं उलटत होते. “पान एकोणचाळीस. इथे लिहिलंय, दोन फाइली एकमेकींवर अवलंबून असतील तर दोघींची नावं एकाच ओळीत, एकापुढे एक द्यावीत.”

ते चौसष्ट पानांचं बाड सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ते उघडून पाहिलं नव्हतं, कारण दहा वर्षांचा अनुभव असलेला माणूस पुस्तकात बघत नाही. बघितलं असतं तर त्याच पानावर वर आणखी एक ओळ होती: काय काय लागेल त्याची पूर्ण यादी मशीनला आधीच एकदम विचारता येते. म्हणजे सात खेपांचं काम दोन खेपांत झालं असतं. ती ओळ काकांनीही वाचली. सभ्य गृहस्थ, मोठ्याने वाचली नाही.

चांगुणाबाईंनी दोन्ही नावं एका ओळीत टाकली. पासवर्ड, रुमालाखालून. एंटर. पडद्यावर ओळी धावायला लागल्या आणि धावून थांबल्या. तक्रार नाही. प्रिंटर घशात खाकरल्यासारखा आवाज करून जागा झाला. तो इतक्या जोरात जागा झाला की बर्फाच्या कोठारात कुणाच्यातरी हातून लादी निसटली. निदान मी तरी असंच सांगत आलोय.

“छाप,” चांगुणाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच छापलं.

कागद आत गेला, करकरत बाहेर आला. वर संस्थेचं नाव, खाली ओळीने बाया. स्वतःच्या हाताने टाइप केलेली नावं, त्यातली काही थोडी वाकडी, एकीच्या आडनावाआधी दोन मोकळ्या जागा. खोलीत एकदम गलका झाला. काकांनी टाळ्या वाजवल्या. जिने धूळ पुसली होती तिने कागद उचलला आणि छातीशी धरला. कुणीतरी म्हणालं, चला, चला, तीन वाजले, रिक्षा बाहेर उभी हाय. सगळ्या दाराकडे वळल्या.

आणि मी प्रिंटरकडे पाहिलं. एक लाल दिवा उघडझाप करत होता. आवाज थांबला होता. ट्रे रिकामा होता.

वाचकहो, या धंद्यात मी जळती एसएमपीएस, म्हणजे मशीनची वीजपेटी, हातात धरली आहे, शॉक खाऊन टेबलापलीकडे पडलो आहे. पण तेव्हाही तोंडातून आवाज काढला नव्हता. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी चांगुणाबाईंपेक्षा मोठ्याने ओरडलो. “थांबा. कुणी जायचं नाही. दुसरं पान आत आहे.”

सगळ्या थांबल्या. कागद संपला होता. खोलीत दुसरा कोरा कागद नव्हता. काकांनी एका क्षणात स्पायरलचं बाड उलटं करून शेवटची पाठकोरी पानं ओढून काढली. कडेला बारीक भोकं होती, ती त्यांनी कात्रीने कापली. मी ते कागद सरळ करून, फुंकर मारून ट्रेमध्ये घातले. ही फुंकर खरी होती. दिवा हिरवा झाला आणि दुसरं पान बाहेर आलं. नऊ नावं. तीच नऊ. कारण बायांनी हाताने लिहिलेल्या त्या जुन्या यादीच्याच क्रमाने टाइप केलं होतं.

मी ती पानं कुणाच्या हातात दिली नाहीत. दुसरी प्रत छापली, दोन्ही प्रती टेबलावर ठेवल्या आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. ज्या बाईचं नाव वाचलं तिने ‘हाय’ म्हणायचं, असं ठरलं. बेचाळीस वेळा ‘हाय’ झालं, जी घरी आजारी होती तिच्या सुनेने तिच्या वतीने म्हटलं. भिंतीला टेकलेल्या नऊ जणींचे ‘हाय’ शेवटी आले, एकामागून एक. नववी जरा उशिरा म्हणाली. पदर तोंडाला होता. मग चांगुणाबाईंनी दोन्ही प्रतींवर सही केली आणि मी टाचणी मारली. दोनदा मारली.

चांगुणाबाई रिक्षात बसल्या नाहीत. “ह्याची स्कूटर आज सात बारीला गेली, तिला रस्ता पाठ झाला आसंल,” म्हणाल्या आणि मागे बसल्या, यादी पोलक्याच्या आत. मी आठव्यांदा त्याच रस्त्याने गेलो. तीन वाजून पन्नास मिनिटांनी खिडकीवर पोहोचलो. आतल्या माणसाने पानं मोजली, एक, दोन, मागे वळवून पाहिली, शिक्का मारला आणि आमची प्रत परत दिली.

“हा कागद कुठला?” त्याने विचारलं. “मागे इंग्रजीत काहीतरी छापलंय, पानाचा आकडा त्रेसष्ट.”

“संस्थेचा,” चांगुणाबाई म्हणाल्या.

पुढची कथा सरळ आहे. ओटे मिळाले, बेचाळीस. बायांनी त्या मशीनवर पुढे स्वतःची पत्रं, स्वतःच्या पावत्या, एका नातवाची जन्मपत्रिकासुद्धा छापली. वर्षभरात चांगुणाबाई लिनक्समध्ये माझ्यापुढे गेल्या. माझ्या दुकानात येऊन त्या इतर गिऱ्हाइकांना सांगत, “डॉलर टाकायचा नाय हा.” देवधर काकांनी लॅपटॉपवर लिनक्स घालायचं मनावर घेतलं आणि मी त्यांना शब्द दिला, की या वेळी बाड आधी वाचीन. वाचलं. एकोणचाळीस पानांपर्यंत.

पण त्या शनिवारचं अजून एक राहिलं. कचेरीच्या पायऱ्या उतरताना ऊन कललं होतं. चांगुणाबाई शिक्क्याची शाई वाळावी म्हणून यादी हवेत हलवत होत्या. सगळं झालं होतं. आता गप्प राहिलो असतो तरी कुणाला कळलं नसतं. पण जिभेवर आलेलं काही आवरत नव्हतं, बहुधा सात खेपांनी माझं डोकं हललं असावं.

“मावशी,” मी म्हणालो. “दोन वर्षांमागची यादी. नऊ नावं राहिली ती. ती माझ्या दुकानात छापली होती. कागद संपला होता आणि मी बघितलं नाही. मीच ती नावं गाळली.”

त्या थांबल्या नाहीत. पायऱ्या उतरत राहिल्या, यादी हलवत राहिल्या.

“ठाऊक हाय,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पनवेलचा मानूस हायस, आन त्या नऊ जनींशी दोन वरसांत येकदा पन भाव केला नायस.”